सगळ्याला ‘ले’ लावणारी बाई

रॉयटलिंगेनजवळ, जर्मनी
१९ नोव्हेंबर २०२३

अक्का,

पाया पडतो. इतक्या लांबून पडलेलं पोचतं का, ते तूच सांग.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसतं "आँ? आँ?" होतं. शेजारच्या तहरीमच्या मोबाइलवर काही पाठवलं तर आधी तहरीम वाचते, मग साबेराचाची, मग हाशमचाचा आणि मग गल्ली. सुरतेला लूमवर होतो तेव्हा डाळ कच्ची मिळते एवढंच कळवलं होतं. घरी आलो तर किराणावाला विचारतो, "काय भो, डाळ शिजनी का?" म्हणून आता कागद. नववीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, लिहिण्याची कटकट संपली.

काम तंदूरचं. मालक जालंधरकडचा, तोंडानं कडक, माणूस बरा. नान लावताना मला तू दिसतेस. खापरावर मांडा टाकताना तू हात कसा वळवतेस, तसाच माझा वळतो. इथल्या कोणाला मांडा दाखवला तर घाबरतील. एवढी मोठी पोळी! यांचं सगळं लहान.

खरं सांगायचं ते हेच. मी ज्या घराच्या माळ्यावर राहतो, तिथली मालकीणबाई हेबर्ले. म्हातारी, एकटी, पाठीत वाकलेली. पहिल्या दिवशी जिन्यात भेटली आणि मला म्हणाली, "कुंदनले!" मला वाटलं, बाई आपली अहिराणी बोलते, कुंदनला काहीतरी देते म्हणते! मी थांबलो. म्हटलं, कुंदनले काय देस वं माय? चहा देस का भाकर? काही दिलं नाही. नुसती हसली आणि गेली.

मग कळलं, या भागात सगळ्याला शेवटी ‘ले’ लावतात. घराला हॉइस्ले. पेल्याला ग्लेसले. पावाला वेकले. ‘ले’ लावलं की ती वस्तू लहान झाली. हिचं हॉइस्ले तीन मजली आहे, तरी लहान. हिच्या आडनावात पण ‘ले’. आणि मी कुंदनले, म्हणजे लहानसा कुंदन.

अक्का, मला हे लागलं. धुळ्यात मी कुंद्या. सुरतेत कुंद्या. नाशिकच्या ढाब्यावर तर "ए कुंद्या, पाणी मार." वाटलं होतं, समुद्र ओलांडला की कोणीतरी पूर्ण कुंदन म्हणेल. इथं पण नावाला शेपटीच लावली.

पहिल्या रविवारी हिनं जेवायला बसवलं. बटाट्याची कोशिंबीर, पाव, चीज. वाढू का म्हणाली. मी आपल्या रीतीनं "नको नको" म्हटलं. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून थांबलो. बाईनं "बरं" म्हटलं, भांड्यावर झाकण ठेवलं आणि फ्रिजमध्ये टाकलं. मी बघत राहिलो. पारोळ्याला मामाकडे तीनदा नको म्हणेस्तोवर ताटात तिसरी पोळी पडलेली असते. इथं ‘नाही’ म्हणजे नाहीच. त्या दिवशी उपाशी झोपलो.

तू कशी आहेस? दिवाळीत फराळाचं काय केलं? मला इथं दिवाळी कळलीच नाही.

तुझा
कुंदन (कुंद्या नाही)


धुळे
१० डिसेंबर २०२३

चि. कुंदन,

घे, लिहिलं पूर्ण. माझ्या कुंद्यावर तुझा इतका राग होता हे मले माहीतच नव्हतं. तू एवढासा होतास. आई गेली तेव्हा तुला मांडीवर घेऊन मी चूल पेटवायची. तेव्हा ‘कुंदन’ असं भारी नाव तुझ्या अंगाला मावतच नव्हतं, म्हणून कुंद्या केलं. माप मोठं झालं हे मी पाहिलं नाही, चूक माझी.

त्या म्हातारीवर रागावू नको. एकटं माणूस भिंतीला पण लाडानं बोलतं. मी चुलीला म्हणते, पेट गं बाई.

आणि उपाशी राहिलास ते बरंच झालं! आता तरी भूक लागली तर लागली म्हण. पण आपल्याकडे आलास की पुन्हा माणसासारखा नको-नको कर, नाहीतर मामी म्हणेल, कमलनं याला वळण नाही लावलं.

दिवाळीत बठ्ठं केलं, काही सोडलं नाही. शेव, चकल्या. खायला कोणी नाही म्हणून साबेराकडे डबा दिला. ईदला तिचा शिरखुर्मा येतो, दिवाळीला माझी शेव जाते, हिशोब चालू आहे.

लग्नं लागली. पारोळ्याच्या लग्नाला मांडे करायला गेले होते. हातावर मांडा वाढवता वाढवता उजवा हात जरासा अडकला. मांडा खापरावर दुमडून पडला. बाया हसल्या, "कमलबाई, आज रुमाल करताय का?" मी पण हसले. काखेत हरभऱ्याएवढी गाठ आहे, तीच जराशी टोचते. उष्णतेची असेल. साबेरानं लेप दिला आहे. काळजीचं काही नाही.

थंडी फार असेल. कानाला बांधत जा. तुझे तरी राहू दे.

अक्का

(पत्ता तहरीमने लिहिला. तिला आतलं दाखवलं नाही.)


७ जानेवारी २०२४

अक्का,

पाकीट फोडलं आणि ‘चि. कुंदन’ वाचून वाटलं, पोस्टमननं दुसऱ्याचं पत्र माझ्याकडे टाकलं. तू मला कुंदन म्हणायची ते फक्त मी काही फोडलं तेव्हा. माठ फोडला तेव्हा. हाशमचाचाची सायकल नाल्यात घातली तेव्हा. मी पत्र वाचताना उभा राहिलो होतो, मार पडणार असल्यासारखा. कुंद्याच लिही. मी जगाशी भांडेन, तुझ्याशी कशाला.

नाताळात हॉटेल बंद होतं. सगळंच बंद. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. आपल्याकडे सण म्हणजे दारात गर्दी, इथं सण म्हणजे दारं लावून घ्यायची. मी स्टेशनापर्यंत चालत गेलो, गाड्यांच्या पाट्या वाचल्या, परत आलो. पुन्हा गेलो. एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, याच्या पायात भवरी आहे.

परतलो तर हेबर्लेबाई जिन्यात उभी. "कुंदनले, एक श्टुंडले बसतोस का?" श्टुंडले म्हणजे लहानसा तास. मी म्हटलं, लहान तास म्हणजे पाव तास असेल. अक्का, अंधार पडेपर्यंत बसवलं. नवऱ्याचे फोटो दाखवले. मुलगा हांबुर्गला, फोन करतो पण बोलायला वेळ नसतो. तिनं श्पेट्झले खाऊ घातले, कणकेच्या बारीक गाठी उकडून करतात. नावाचा अर्थ म्हणे चिमण्या, लहान चिमण्या. यावेळी मी पहिल्याच ‘वाढू का’ला ताट पुढे केलं.

चर्चच्या खोलीत परदेशी लोकांना भाषा शिकवतात, तिथं जातो. मास्तरीणबाईनं फळ्यावर नकाशा काढला. म्हणाली, या देशात बहुतेक ठिकाणी लहान करायला ‘शेन’ लावतात, जुन्या गोष्टीत ‘लाइन’ लावतात. आमच्या भागात ‘ले’. खाली स्वित्झर्लंडला ‘ली’. दुकानात ते म्युसलीचं पाकीट असतं ना, तहरीमला विचार, त्यातली ‘ली’ पण तीच. ऑस्ट्रियात ‘एर्ल’. हॉलंडचा ट्रकवाला आमच्याकडे जेवायला येतो, तो ‘त्ये’सारखं काहीतरी लावतो. गाव बदललं की शेपटी बदलते.

आणि गंमत ऐक. शेपटी लागली की बाई-बुवा राहत नाही. तो नाही, ती नाही, सगळं ‘ते’. पोरगीसुद्धा ‘ते’! वर्गात सीरियाचा एक जण होता, तो हसायला लागला, पोरगी ‘ते’ कशी? मी म्हटलं, आमच्यात पण आहे. ते लेकरू. ते वासरू. ते कोकरू. लहान असलं की त्याला अजून कोणी काही ठरवलेलं नसतं. मास्तरीणबाईनं फळ्यावर लेकरू लिहून घेतलं, चुकीचंच लिहिलं, पण लिहिलं.

मार्चमध्ये मला सुट्टी मिळू शकते. येऊ का? तू म्हण फक्त. गाठीला लेप लावत जा.

कुंद्या


धुळे
४ फेब्रुवारी २०२४

चि. कुंद्या,

पत्र दोनदा वाचलं. लेकरू लिहिलंस ते वाचून साबेराला सांगितलं, तर ती म्हणते, पोरगा मास्तर झाला.

मार्चमध्ये येऊ नको. कशाला येतोस? एवढ्या लांबून चार दिवसांसाठी. आत्ता कुठे एका जागी टिकलास. मालक काय म्हणेल? मी काय, बरीच आहे. मांड्याला जात नाही हल्ली, हात जरा जड वाटतो. पुष्कळ वर्षं केले मांडे, आता गल्लीतल्या रत्नाला शिकवलं आहे. ती करते, मी बसून सांगते. तिचा मांडा अजून थाळीएवढाच होतो, पण होईल.

गाठ आता बोराएवढी झाली असेल. हाशमभाऊ मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. बारीकशी सुई घालून तपासायला पाठवलं. एक लहानसं ऑपरेशन म्हणतात, नंतर थोडं औषध. घाईचं काही नाही म्हणाले, म्हणजे मीच म्हणाले त्यांना. काही नसतं रे, डॉक्टरांना काहीतरी करायला लागतं.

तू म्हातारीकडे बसत जा. श्पेट्झले कसे करतात ते लिही. आपल्या वरणातल्या चिखोल्यांसारखे वाटतात.

खरंच येऊ नको.

अक्का


३ मार्च २०२४

अक्का,

बरं, नाही येत. तू दोनदा लिहिलंस म्हणून मालकाला सांगून टाकलं, सुट्टी दुसऱ्या पोरानं घेतली.

जरा वाईट वाटलं. मला वाटलं होतं, तू म्हणशील ये.

स्वित्झर्लंडमध्ये विंटरटूरला एका हॉटेलात तंदूरवाला पाहिजे आहे. कागदपत्रं झाली तर मेपासून जाईन. तिथं मी ‘कुंदनली’ होईन, काय फरक पडतो. इथं बसून बसून अंगाला मुंग्या येतात. हेबर्लेबाईला अजून सांगितलं नाही. तिनं माझ्यासाठी माळ्यावर पडदे शिवले आहेत, निळे.

लहान ऑपरेशन आहे तर करून टाक. तारीख कळव.

श्पेट्झलेचं पीठ सैल असतं, फळीवरून सुरीनं खरवडून उकळत्या पाण्यात टाकतात. चिखोल्यांत जी मजा आहे ती नाही.

कुंद्या


१४ एप्रिल २०२४

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. वाट न बघता लिहितो आहे, कारण आठवडाभर डोक्यात एकच चालू आहे.

सोमवारी सकाळी कामाला निघालो. हेबर्लेबाई जिन्याच्या पायरीवर बसलेली. कधी बसत नाही, पायरी पुसते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही कुंदनले. एक लहानसं दुखणं आहे. बिस्ले." बिस्ले म्हणजे थोडंसं, चिमूटभर. मी विचारलं, डॉक्टरला फोन करू? "नाही." कॉफी देऊ? "नाही, जा तू, तुला उशीर होईल."

आता इथली रीत मला कळली आहे. नाही म्हणजे नाही. मी दार उघडून बाहेर पडलो सुद्धा.

मग काय झालं सांगू? मागे वळून बघितलं तर तिचा हात कठड्यावर. बोटं पांढरी पडलेली. आणि मला एकदम राग आला, यांच्या रीतीचा. मी आत आलो, तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि पारोळ्याच्या मामीसारखा मागे लागलो. फोन करू? नाही. करू ना? नाही. बाई, मी करतो, तुम्ही फक्त मान हलवा. अक्का, तिसऱ्या वेळी ती रडायला लागली. मान हलवली.

गाडी आली, माणसं आली. हृदयाचं होतं, मोठं होतं. डॉक्टरनं मला सांगितलं, अजून थोडं थांबली असती तर गेलीच असती. स्ट्रेचरवरून पण ती त्या माणसांना म्हणत होती, उगीच तुम्हाला त्रास, लहानसंच आहे.

वाचली आहे. हांबुर्गहून मुलगा आला. मोठा अधिकारी माणूस, जिन्यात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई कधी तक्रारच करत नव्हती. मी दर रविवारी विचारायचो, ती म्हणायची, थोडंसं इथं, थोडंसं तिथं."

घरात आता मी एकटाच आहे. खाली कोणी चालत नाही, नळ वाजत नाही. तिची झाडं आहेत, त्यांना पाणी घालतो. आज हॉटेलला सुट्टी, तर तुझी पत्रं काढून बसलो.

अक्का, तुझ्या पत्रात हात ‘जरासा’ अडकला. गाठ ‘जराशी’ टोचते. सुई ‘बारीकशी’. ऑपरेशन ‘लहानसं’. औषध ‘थोडं’. हरभऱ्याचं बोर झालं, तरी तू लहानच म्हणतेस. तू मांडे सोडलेस, आणि मी त्याच्यावर एक ओळ लिहिली नाही. तू मांडे सोडलेस, अक्का! ताप अंगात असताना तू लग्नघरी उभी राहायचीस.

आणि तू ‘येऊ नको’ म्हणालीस, तर मी ‘बरं’ म्हटलं. झाकण ठेवलं, फ्रिजमध्ये टाकलं.

मी पुन्हा विचारतो. येऊ का? तू नाही म्हणशील, मी परत विचारेन. विंटरटूरवाल्याला नको म्हणून कळवलं आहे, मालकाशी बोललो आहे. पण मला तुझ्याकडून ऐकायचं आहे, नीट, लहान न करता. गाठ केवढी आहे? काय म्हणाले ते?

तहरीमच्या मोबाइलवर कळव. गल्लीला कळू दे.

कुंद्या


धुळे
६ मे २०२४

कुंद्या,

तहरीमला सांगायला बसले होते. तिनं मोबाइल धरला, म्हणाली, बोला फुप्पी. तोंडातून काही निघेना. साबेरा समोर बसलेली, तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, ती मोठ्यानं ओरडली. मग मी कागद मागितला. दोघींना घरी पाठवलं. पोचायला उशीर होईल, पण माझ्या हातानं पोचेल.

आधी हे सांग, म्हातारी घरी आली का? आली असेल तर तिला पहिले पंधरा दिवस जिना चढू देऊ नको. तू दुसऱ्याचं माणूस वाचवलंस हे मी साबेराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कमलबाई, पोरगा शहाणा झाला आणि तुम्ही अजून तशाच.

बरं, लिहिते.

गाठ लिंबाएवढी आहे. काखेत एक, आणि छातीत एक आहे, ती तुला सांगितलीच नव्हती. कॅन्सर आहे. सुईचा रिपोर्ट आला तेव्हाच कळलं, फेब्रुवारीत, तुला पत्र टाकलं त्याच्या नंतरच्या आठवड्यात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी साबेरा घालते. ऑपरेशन मोठं आहे, सगळं काढतील. पुढे औषधं आहेत, केस जातील म्हणतात. वाचतात बायका, तशा दोघी मी दवाखान्यात पाहिल्या, एक शिरपूरची, बसून पोरांना ओरडत होती.

एप्रिलची तारीख दिली होती, मी गेले नाही. हाशमभाऊ रिक्षा घेऊन दारात उभे होते आणि मी आतून म्हटलं, आज जरा बरं वाटत नाही, पुढच्या वेळी. हसशील तू. बरं वाटत नाही म्हणून दवाखान्यात गेले नाही! हाशमभाऊ पण हसले आणि मग पायरीवर बसून राहिले, बराच वेळ.

कारण सांगते. मला दुखण्याची भीती नव्हती. मला आत नेतील, दार लागेल, डॉक्टर काही बोलतील आणि मला ऐकू येणार नाही. बाहेर बसलेल्यात माझं कोणी नसेल. हाशमभाऊ, साबेरा आहेत, त्यांनी सख्ख्याहून जास्त केलं. पण तुझ्याएवढं माझं कोणी नाही. मी तुला वाढवलं, तेव्हा वाटलं होतं की वाढवलं की मोकळं सोडायचं. तुझ्या पायाला भवरी, मी कशाला दोरी बांधू? म्हणून सगळं लहान करून लिहिलं. लहान केलं की ते पाकिटात मावतं.

आता मावत नाही.

मला खूप दुखतं. रात्री तर फारच. मला भीती वाटते. मला तू पाहिजेस.

ये.

नवी तारीख पुढच्या महिन्याच्या मध्यात आहे. मुंबईहून चाळीसगावला उतर, तिथून धुळ्याची गाडी आहे. ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांध. घरी काही आणू नको.

आलास की बाहेर उभा राहून हाका मारत बसू नको, कडी पण वाजवू नको, मला कळणार नाही. मी दाराला कडी लावणं सोडलं आहे. लोट आणि आत ये.

अक्का